भोंगा झाल्यानंतर

गिरणगावात मंडळं, क्लब, वाचनालयं आणि रात्रशाळा उभ्या राहण्याआधी कामगारांना एक गोष्ट झगडून मिळवावी लागली. ती म्हणजे रविवार. कावसजी दावर यांनी मुंबईत सूतगिरणीची पहिली कंपनी काढली ती १८५४ साली. त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ गिरणीत राबणाऱ्या माणसाला हक्काची साप्ताहिक सुट्टी नव्हती. सत्यशोधक कार्यकर्ते आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी सभा घेतल्या, अर्ज केले, हजारो सह्या गोळा केल्या. अखेर १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे सात वर्षांनी, मुंबईत प्लेगनं माणसं पटापट मरत असताना, रोग्यांसाठी धावपळ करणारे लोखंडे स्वतःच प्लेगला बळी पडले. गिरणगावातल्या सार्वजनिक कामाचा इतिहास सांगायचा तर सुरुवात त्यांच्यापासूनच करायला हवी. ज्याच्याकडे स्वतःचा म्हणावा असा एक दिवसही नाही, तो दुसऱ्यासाठी वेळ कुठून काढणार?

रविवार मिळाला, पण बाकीचे सहा दिवस मालकाचेच होते. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाला सूर्यास्ताची मर्यादा उरली नाही. चौदा-चौदा, पंधरा-पंधरा तास साचे चालू लागले. कामगारांनी दंगा केला, सरकारनं चौकशा नेमल्या आणि १९११ च्या फॅक्टरी कायद्यानं कापड गिरणीतल्या पुरुष कामगाराचा दिवस बारा तासांवर आणला. बारा तास आजच्या माणसाला अमानुष वाटतील. पण त्या काळच्या परळ-लालबागला त्यातून संध्याकाळ नावाची नवी गोष्ट मिळाली.

त्याच वर्षी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन झाली.

लीगमागचे मुख्य माणूस म्हणजे नारायण मल्हार जोशी. रायगड जिल्ह्यातल्या गोरेगावचे, डेक्कन कॉलेजात शिकलेले आणि काही वर्षं शाळामास्तरकी केलेले जोशी १९०९ साली गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. तिथं आजन्म सेवेची शपथ होती. लीगचा विचार मात्र निराळा होता. ज्याला नोकरी आहे, घरसंसार आहे, परीक्षा आहे, अशा माणसानंही आठवड्यातले थोडे तास द्यावेत आणि त्या तासांत काय करायचं याचं आधी शिक्षण घ्यावं. दया येऊन केलेली मदत आणि शिकून केलेली मदत यांत जोशी फरक करत. दुष्काळ, पूर, साथ यांच्या कामासाठी स्वयंसेवक तयार करणं हा लीगचा पहिल्यापासूनचा उद्योग होता. अध्यक्ष होते सर नारायण चंदावरकर. परळ त्यांना नवखं नव्हतं. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या मिशननं अस्पृश्य मुलांसाठी परळला पहिली शाळा उघडली, तेव्हा त्या मिशनचं अध्यक्षपदही चंदावरकरांकडेच होतं.

लीगनं वाचनालय काढलं आणि ते चाळीत नेलं. पुस्तकांच्या पेट्या भरायच्या, एकेका वस्तीत ठेवायच्या, काही दिवसांनी बदलायच्या. बडोद्यात सयाजीरावांनीही १९११ च्याच सुमारास फिरत्या ग्रंथपेट्या सुरू केल्या होत्या. त्यामागं संस्थानाचा खजिना होता, तर इथं वर्गणी आणि देणग्यांवर भागवावं लागे. पेटीच्या जोडीला मॅजिक लँटर्नची व्याख्यानं असत. भिंतीवर पांढरी चादर ताणायची, काचेवरची चित्रं तिच्यावर पाडायची आणि पाण्यातून रोग कसा पसरतो हे वाचता न येणाऱ्यालाही दाखवायचं. मग रात्रशाळा. दिवसभर साच्यावर उभा राहिलेला पंचविशीचा माणूस, केसांत अजून कापसाचं तूस, पाटीवर ‘ग’ गिरवतो आहे आणि समोर दिवसा कुठल्या तरी कचेरीत कारकुनी करणारा तरुण शिकवतो आहे. दोघंही थकलेले. शिकवणाऱ्याला त्याबद्दल एक पैसाही मिळत नसे. पुढे काही गिरणीमालकांनीही आपल्या कामगारांसाठीचं काम लीगकडे सोपवलं. करीमभाई इब्राहिम वर्कमेन्स इन्स्टिट्यूट हे त्यांतलं एक.

१९१८ च्या पावसाळ्याअखेर इन्फ्लुएंझाची दुसरी लाट मुंबईवर आदळली. दवाखाने अपुरे पडले, एकेका खोलीत सगळं घर आडवं झालं. त्या दिवसांत चाळीचाळींत औषध पोचवणाऱ्यांत लीगचे स्वयंसेवक होते. वर्षानुवर्षं पेटी घेऊन जिने चढलेल्या माणसालाच कुठल्या मजल्यावर कोण एकटं राहतं हे ठाऊक असतं.

पण लीगचं काम कितीही मोलाचं असलं, तरी ते बाहेरून आलेल्यांचं होतं. शिकलेली माणसं गिरगावातून, दादरमधून यायची आणि शेवटच्या ट्रामनं परत जायची. चाळीतल्या माणसानं स्वतःसाठी उभं केलेलं जग वेगळं होतं. त्याचं नाव ग्रामस्थ मंडळ. गिरणगावाच्या इतिहासात युनियनवर जितकी शाई खर्च झाली, तिच्या दहाव्या हिश्श्याइतकीही या मंडळांवर झालेली नाही आणि हे मोठं अन्यायाचं आहे.

रत्नागिरी, सातारा, सांगली, कोल्हापूर इथून माणूस मुंबईला यायचा तो गावच्या माणसाचा हात धरून. गावकऱ्यांनी मिळून एक खोली भाड्यानं घेतलेली असे. दहा बाय बाराच्या त्या जागेत वीस-तीस जणांच्या ट्रंका आणि वळकट्या. दिवसपाळीचा उठून गेला की त्याच जागी रातपाळीचा आडवा व्हायचा. जेवण खाणावळीत. अशा खोलीतून मंडळ उभं राहिलं आणि मंडळातून शिस्त आली. महिन्यातला एखादा रविवार सभेचा. सतरंजी अंथरायची, दाराशी चपलांचा ढीग, चिटणीसाच्या पुढ्यात इतिवृत्ताची वही. मागच्या सभेचा वृत्तांत वाचून कायम करायचा. मग खजिनदार एकेकाचं नाव पुकारणार. ज्याची थकबाकी असेल त्याला सर्वांसमोर उभं राहून कारण सांगावं लागे. घरी आजारपण असेल तर सूट मिळे, नसेल तर बोलणी बसत. लिहिणारा बहुधा सातवीपर्यंत शिकलेला, पण हिशेबात आणेलीचा फरक पडला तर मध्यरात्रीपर्यंत बेरीज पुन्हा करणारा.

त्या वर्गणीतून गावात काय काय उभं राहिलं हे कोकणातल्या कुठल्याही वाडीत हिंडताना दिसतं. शाळेवरचे पत्रे, पऱ्ह्यावरचा साकव, डोंगर चढून जाणारी पाखाडी, देवळाचा जीर्णोद्धार, पाणवठ्यावरचा कट्टा. ‘मुंबईकर मंडळाच्या सौजन्याने’ अशी अक्षरं कोरलेला दगड बसवलेला असतो. इकडे मुंबईत कुणी वारलं तर मयताचा खर्च मंडळाचा, घरी तार करणं मंडळाचं, विधवेला गावी पोचवणंही मंडळाचंच. विमा, बँक, वसतिगृह, पंचायत ही सगळी कामं सुटीच्या दिवशी, बिनपगारी, गिरणी कामगार करत होते.

धोबीतलाव, डाबूळ, माझगाव या भागांत गोव्याच्या माणसांनीही हेच केलं. त्यांच्या कुडी, म्हणजे सामाईक राहण्याच्या जागा, गावागणिक वेगळ्या होत्या. बोटीवरचा तारवटी दोन सफरींच्या मध्ये तिथं उतरायचा, भिंतीकडेला ट्रंक लावायचा आणि संध्याकाळच्या रोझरीला सगळ्यांबरोबर उभा राहायचा. धोबीतलावच्या जेर महालात अशा कुडी अजून आहेत.

गावाच्या नात्यानं माणूस जोडला जातो, तसा जातीच्या भिंतीनं तो अडतोही. मंडळात गावचे सगळे असत का? नसत. महारवाड्यातून आलेल्या माणसाला गावच्या खोलीत वळकटी टाकता येत नव्हती. कापड खात्यात, म्हणजे जिथं जास्त पगार होता तिथं, त्याला साच्यावर घेत नसत. कारण तुटलेला धागा तोंडानं ओढावा लागे आणि त्यानं विटाळ होतो, असं सोबतचे कामगार म्हणत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न उघडपणे मांडला. त्याआधीच, १९२४ साली, त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली होती. ती काढण्याच्या विचारासाठी त्या वर्षीच्या ९ मार्चला बैठक भरली ती परळच्या दामोदर ठाकरसी हॉलमध्ये. बाबासाहेब तेव्हा जवळच्याच बीआयटी चाळीत राहत आणि त्यांची कचेरी दामोदर हॉलमध्ये होती. हितकारिणी सभेनं सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं, मुंबईत मोफत वाचनालय चालवलं आणि एक हॉकी क्लबही काढला, महार हॉकी क्लब. चळवळीचा इतिहास लिहिताना हा क्लब बहुधा एका ओळीत उरकला जातो. पण परळच्या मातीत हातात स्टिक घेऊन धावणाऱ्या त्या पोरांना मैदानावर उभं राहण्याचा हक्क कुठल्या गाव-मंडळानं दिला नव्हता. त्यांच्या सभेनं तो मिळवून दिला.

दामोदर हॉल सोशल सर्व्हिस लीगचा. १९२२ साली उभा राहिला. तिथं व्याख्यानं झाली, सभा झाल्या, पण रंगमंचाचा खरा ताबा घेतला तो ग्रामस्थ मंडळांनी. कोकणातली नमन-खेळे, शक्ती-तुरा, दशावतार गिरणगावात वाजत राहिली ती या हॉलमुळे. गिरणीतला जॉबर, म्हणजे मुकादम, रात्री नमनातला संकासूर व्हायचा. तिकिटाचे पैसे गावच्या शाळेला जायचे. बाहेरच्यांनी बांधलेली इमारत आणि आतल्यांचा उत्साह यांची गाठ जितकी घट्ट इथं पडली, तितकी मुंबईत क्वचितच कुठे पडली असेल.

पुढच्या काळात सरकारही या कामात उतरलं. १९३९ साली मुंबई इलाख्यात सरकारी कामगार कल्याण केंद्रं सुरू झाली. १९५३ च्या कायद्यानं कामगार कल्याण निधी उभा राहिला आणि कामगारांकडून वसूल झालेले दंड, त्यांचे न दिलेले पगार मालकाकडे न राहता या निधीत जमा होऊ लागले. शिवणवर्ग, बालवाडी, वाचनालय, कॅरम आणि नाट्यस्पर्धा या पैशांतून चालल्या. केंद्राला पगारी माणूस आला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण नाटकाची तालीम पाळी सुटल्यावर रात्री दहाला सुरू व्हायची आणि ती घेणारा कामगार फुकटच राबत होता. तिकडे १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. तेही अशाच रात्रीच्या उरलेल्या तासांत बसलं आणि घडलं.

बायका या इतिहासात कमी दिसतात. कारण सभा रविवारी असे आणि त्यांना रविवार नव्हता. खाणावळ चालवणारी बाई तीस जणांच्या भाकऱ्या भाजून सावकाराचं व्याज भरत बसे. गोवा मुक्तिलढ्यात उतरलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. गिरणगावाच्या मंडळांत हे उशिरा आलेलं, आणि परिणामानं पाहिलं तर सगळ्यात मोठ्यांपैकी एक.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतल्या अनेकांना गिरणीची नोकरी पुन्हा मिळालीच नाही. भोंगे बंद झाले, गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे आले, माणसं दिवा, डोंबिवली, नालासोपारा, विरारला पांगली. मंडळं मात्र मोडली नाहीत. २०२० साली कोरोनात १९३४ पासूनच्या लालबागच्या गणेशोत्सव मंडळानं गणपतीची मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला, रक्तदान आणि प्लाझ्मादानाची शिबिरं घेतली. १९१८ साली याच भागात माणसं औषधाच्या बाटल्या घेऊन जिने चढत होती.

दामोदर नाट्यगृह शंभरी पार करून २०२३ अखेर पुनर्बांधणीसाठी बंद झालं. तितक्याच क्षमतेचं नाट्यगृह त्याच जागी परत मिळावं म्हणून लोककलावंतांनी आंदोलन केलं. त्यांची मागणी रास्त आहे. नमनाचा ताफा घेऊन येणाऱ्या मंडळाला दुसरीकडचं भाडं झेपत नाही.

आणि मंडळांच्या खोल्या? पागडीच्या चाळी पाडल्या जात आहेत, त्यामुळे कुठे कुठे मंडळाच्या नावावर नव्या इमारतीत फ्लॅट मिळणार आहे. तो विकून गावी सभागृह बांधावं असं काही जण म्हणतात. बाकीचे म्हणतात, जागा ठेवा, केईएमला आणि टाटाला उपचारासाठी येणारा गावचा पेशंट आणि त्याच्याबरोबरचं माणूस उतरणार कुठे? त्यावर अजून सभा होतात, महिन्याच्या त्याच ठरलेल्या रविवारी, आता विरारच्या एखाद्या सोसायटीच्या गच्चीवर. इतिवृत्त अजून हातानंच लिहिलं जातं.