सिमरोल घाट : माळव्यातून निमाडात उतरणारी एका दिवसाची वाट

जळगाव-बुऱ्हाणपूरकडच्या लोकांना इंदूर-इच्छापूर रस्ता नवा नाही. नर्मदा ओलांडली, बडवाह मागे पडलं की वळणं सुरू होतात. हा विंध्याचा चढ. वर पोचलं की सिमरोल, आणि तिथून इंदूर साधारण पंचवीस किलोमीटर. हल्ली गावाची ओळख आयआयटीमुळे झाली असली तरी त्याचं खरं महत्त्व जागेत आहे. सिमरोल माळव्याच्या पठाराच्या अगदी काठावर बसलेलं आहे. उत्तरेकडचं पावसाचं पाणी क्षिप्रा-चंबळमधून यमुनेला आणि पुढे बंगालच्या उपसागराला जातं. दक्षिणेचं चोरल नदीतून नर्मदेला मिळतं आणि अरबी समुद्र गाठतं.

सिमरोलहून बलवाड्यापर्यंत पायी उतरायला एक दिवस पुरतो. अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचं. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर, तर बडवाह दोनशेच्या आत. हा फरक पाय लगेच ओळखतात. वर सोयाबीन-गव्हाची काळी जमीन, मधे साग-पळसाचं रान, खाली कापूस आणि मिरची. हवा तापत जाते. बोलीही बदलते, माळवी मागे राहते आणि निमाडी कानावर पडू लागते.

मराठ्यांना माळव्यात शिरायला विंध्याचे असे घाटच दरवाजे होते. १७२८ मध्ये चिमाजी अप्पा मांडूच्या घाटाने चढले आणि अमझेऱ्याला मोगल सुभेदार गिरिधर बहादूर मारला गेला. पुढे होळकरांची एक गादी खाली महेश्वरला, दुसरी वर इंदूरला. साहजिकच या चढ-उतारांवर वर्दळ कायमचीच झाली. नर्मदेच्या दक्षिण काठावर रावेरखेडीला पहिल्या बाजीरावांची समाधी आहे. २८ एप्रिल १७४० ला ते तिथेच गेले. इतक्या दूर आलेल्या मराठी माणसाने ती चुकवू नये.

पायी चालणारे आजही आहेत, पण उलट्या दिशेने. श्रावणात ओंकारेश्वरहून नर्मदेचं पाणी कावडीत घेऊन लोक उज्जैनच्या महाकाळाकडे निघतात आणि हाच घाट चढतात. अनवाणी, ट्रकच्या कडेकडेने. खरी अडचण हीच आहे. घाट अरुंद, वळणं आंधळी, आणि अवजड वाहनांची रांग तुटत नाही. नव्या चौपदरी रस्त्यासाठी भेरूघाट, बाईग्राम आणि चोरल इथे बोगद्यांचं काम हाती घेतलं गेलं. जड वाहतूक तिकडे वळली तर जुनी वळणं चालणाऱ्यांच्या वाट्याला येऊ शकतात; मात्र ती कुणी राखली पाहिजेत, नाहीतर दोन पावसाळ्यांत कडा ढासळतील.

जायचं तर पावसाळा सरल्यावर, माघापर्यंत. चैत्र-वैशाखात ओढे आटतात, त्यामुळे पाणी सोबतच न्यावं. पहाटे निघावं, वळणावर आतल्या कडेला चालू नये, अंधार पडायच्या आत बलवाडा गाठावं. परतीला खंडवा-इंदूर रस्त्यावरची बस मिळते.