रुग्णालयाच्या कार्यालयात शिकाऊ उमेदवारी: कॉलेज चालू असताना कोणती वाट खुली आहे?

बोरीवली पश्चिमेला स्टेशनबाहेरून चंदावरकर मार्गाने, पुढे एल.टी. रोड आणि आय.सी. कॉलनीपर्यंत चालत गेले, तर नर्सिंग होम आणि रुग्णालयांच्या पाट्या एकामागून एक दिसतात. महापालिकेचे हरिलाल भगवती रुग्णालयही याच भागातले. या सगळ्या ठिकाणी डॉक्टर आणि परिचारिकांइतकीच गरज असते ती केसपेपर काढणाऱ्या, बिल तयार करणाऱ्या आणि फायली सांभाळणाऱ्या माणसांची. बारावी झालेल्या किंवा पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात असलेल्या अनेक मुलामुलींना हे काम 'ट्रेनी' म्हणून मिळते. मात्र शिकाऊ उमेदवारीच्या कायद्याचे संरक्षण 'ट्रेनी' या नावाने आपोआप मिळत नाही. ते मिळते नोंदणी झालेल्या करारामुळे. विद्यावेतन, कामाचे तास आणि हाती पडणारे प्रमाणपत्र या तिन्ही गोष्टी त्या करारावर अवलंबून असतात.

काम नेमके काय असते?

सुरुवात बहुधा नोंदणीच्या खिडकीवर होते. रुग्णाचे नाव, वय, पत्ता, आधीचा नोंदणी क्रमांक. काम सोपे वाटते, पण इथली चूक लांबवर जाते. रुग्णालयात झालेल्या जन्माची माहिती 21 दिवसांत निबंधकाकडे जावी लागते. आईच्या नावातली एक वेलांटी चुकली, तर ती बाळाच्या जन्मदाखल्यावर उतरते आणि पुढे शाळाप्रवेश किंवा पासपोर्टच्या वेळी कुटुंबाला दुरुस्तीसाठी खेटे घालावे लागतात.

खरी धावपळ मेडिक्लेमच्या टेबलावर असते. विमा नियामक प्राधिकरणाच्या मे 2024 च्या परिपत्रकानुसार कॅशलेस उपचारांच्या विनंतीवर विमा कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा असतो आणि डिस्चार्जच्या वेळी रुग्णालयाची विनंती आल्यापासून तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची असते. म्हणजे घड्याळ सुरू होते ते रुग्णालयाने कागद पाठवल्यावर. डिस्चार्ज समरी, तपासण्यांचे अहवाल, औषधांची बिले यातले काही राहिले तर कंपनी शंका काढते, आणि बरा झालेला माणूस कपडे बदलून संध्याकाळपर्यंत खाटेवर बसून राहतो. नातेवाइकांचा राग निघतो तो समोर बसलेल्या शिकाऊ मुलीवर. हे कौशल्य कोणत्याही पाठ्यपुस्तकात नीट सापडत नाही.

तिसरा विभाग अभिलेखांचा, म्हणजे रुग्णालयीन भाषेत एमआरडी. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या विनियमांप्रमाणे दाखल रुग्णांची कागदपत्रे किमान तीन वर्षे जपावी लागतात आणि रुग्णाने मागितल्यास 72 तासांत द्यावी लागतात. फाइल जागेवर नसेल तर 72 तास फार कमी पडतात.

कायदा काय देतो?

शिकाऊ उमेदवारीचा कायदा 1961 चा. तो मुळात कारखान्यांसाठी, लेथ आणि वेल्डिंग शिकणाऱ्यांसाठी झाला. कार्यालयीन आणि सेवाक्षेत्रातल्या कामांना त्याचे दार खऱ्या अर्थाने उघडले ते 2014 च्या दुरुस्तीने. कंत्राटी माणसे धरून 30 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. 4 ते 29 कर्मचारी असतील तर ते ऐच्छिक आहे. गल्लीतली बरीच नर्सिंग होम या दुसऱ्या गटात येतात, त्यामुळे तिथे नोंदणीकृत जागा मिळेलच असे नाही.

2019 च्या नियमांनुसार बारावी उत्तीर्णाला दरमहा किमान 7,000 रुपये आणि पदवीधराला 9,000 रुपये विद्यावेतन ठरले. मे 2025 मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने एकूण पट्टा 5,000–9,000 वरून 6,800–12,300 रुपयांवर नेण्याची शिफारस केली. बोरीवलीतले भाडे आणि लोकलचा पास पाहता ही रक्कम घर चालवण्याची नव्हे, फार तर कॉलेजची फी भागवण्याची आहे. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, कमाल 1,500 रुपये, थेट उमेदवाराच्या बँक खात्यात भरते.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचे कलम मात्र जादा कामाचे आहे. शिकाऊ उमेदवाराला ओव्हरटाइमवर ठेवायचे तर शिकाऊ उमेदवारी सल्लागाराची मान्यता लागते. परीक्षेच्या आठवड्यात 'आज जरा थांब' असे रोजच ऐकावे लागत असेल, तर हा मुद्दा माहीत असलेला बरा. कामावर दुखापत झाल्यास भरपाईची जबाबदारीही मालकाची असते. नोकरी देण्याचे बंधन मात्र मालकावर नाही.

मग शिक्षणाचे काय?

इथेच गाडी अडते. प्रशिक्षण पूर्ण पाळीचे असते आणि मुंबई विद्यापीठाच्या नियमित अभ्यासक्रमात 75 टक्के हजेरी लागते. सकाळचे कॉलेज आणि दुपारची पाळी हे गणित कागदावर जमते, पण रुग्णालयात पाळ्या बदलत असतात.

त्यापेक्षा सोयीची वाट दूरशिक्षणाची. मुंबई विद्यापीठाचे दूरशिक्षण केंद्र, ज्याला लोक अजून 'आयडॉल' म्हणतात, किंवा नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. तिथे रोजच्या हजेरीचा प्रश्न येत नाही.

सर्वात सरळ वाट आहे ती प्रशिक्षणच पदवीचा भाग असलेल्या अभ्यासक्रमांची. विद्यापीठ अनुदान आयोगाने अशा पदव्यांना मान्यता दिली असून त्यात रुग्णालयातील कामाचे श्रेयांक मिळतात. अशा विद्यार्थ्याला कायद्यात 'पदवी शिकाऊ उमेदवार' असे स्वतंत्र नाव आहे. पदवीधरांच्या शिकाऊ उमेदवारीसाठी पश्चिम विभागाचे मंडळ शीवला आहे. बोरीवलीकरांना दादरला गाडी बदलावी लागते, पण चौकशी तिथे नेमकी होते.

एका योजनेबद्दल मात्र सावध राहायला हवे. राज्याने 2024 मध्ये आणलेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावीसाठी 6,000, आयटीआय-पदविकेसाठी 8,000 आणि पदवीधरांसाठी 10,000 रुपये आहेत. आकडे आकर्षक आहेत, पण शिक्षण चालू असलेले उमेदवार त्या योजनेत पात्र नाहीत. अर्ज भरल्यावर हे कळण्यापेक्षा आधी कळलेले चांगले.

पुढे काय?

खाजगी रुग्णालयांत बिलिंग किंवा मेडिक्लेमच्या टेबलावरचा अनुभव लगेच उपयोगी पडतो. महापालिकेच्या रुग्णालयांत कायम कारकुनी हवी असेल तर वाट वेगळी आहे. तिथले पद 'कार्यकारी सहायक', भरती परीक्षेने, आणि अटींत मराठी व इंग्रजी टंकलेखन. 2024 मध्ये अशा 1,846 जागांची जाहिरात निघाली होती. शिकाऊ उमेदवारीचे वर्ष चालू असतानाच मिनिटाला 30 शब्दांची टंकलेखन परीक्षा देऊन टाकणारे म्हणूनच शहाणे ठरतात.

रुजू होण्याच्या दिवशी विचारायचे ते इतकेच: राष्ट्रीय पोर्टलवर कराराची नोंदणी झाली आहे का, त्याचा क्रमांक काय, कोणत्या कामाचे प्रशिक्षण आणि किती महिने. कराराची एक प्रत स्वतःकडे ठेवावी. उत्तर मोघम आले, तर ती जागा शिकाऊ उमेदवारीची नसून स्वस्तातल्या नोकरीची असण्याची शक्यता मोठी आहे.