पिट्सफील्ड येथील मनाईचा कागद व तेथील बेसबॉल संघ

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानाच्या पश्चिम भागांत, बर्कशायरच्या टेंकड्यांमध्यें, पिट्सफील्ड नांवाचें एक लहान शहर आहे. तेथील बेसबॉल खेळाचा वृत्तांत जुन्या कागदांचा संग्रह करणारांस मननीय वाटेल, म्हणून तो येथें देतों. बेसबॉल हा क्रिकेटचा दूरचा सोयरा, एवढा परिचय प्रस्तुत कार्यास पुरे.

हा खेळ १८३९ सालीं कूपर्सटाउन गांवीं अब्नर डबलडे यानें निर्माण केला, असा निर्णय मिल्स मंडळानें १९०७ सालीं दिला. आधार काय, तर एका वृद्ध गृहस्थाची साठांहून अधिक वर्षांपूर्वींची आठवण! १८३९ सालीं डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयांत शिकत होता, हें कोणीं पाहिलें नाहीं. पुढें २००४ सालीं जॉन थॉर्न या संशोधकास पिट्सफील्डच्या एका जुन्या इतिहासग्रंथांत १७९१ च्या एका नियमाचा उल्लेख आढळला, आणि शोध करितां मूळ कागद त्याच गांवच्या ग्रंथालयांत निघाला. नव्या सभागृहाच्या खिडक्यांचें रक्षण व्हावें म्हणून त्याच्या ८० यार्डांच्या आंत चेंडू खेळूं नये, अशी ती मनाई आहे. निषिद्ध खेळांत बेसबॉलचें नांव स्पष्ट आहे. ज्याची मनाई करावी लागते तें आधीं रूढ असलेंच पाहिजे. मात्र खेळाचा जन्म तेथेंच झाला, असें यावरून म्हणतां येत नाहीं. कागद जेवढें बोलतो तेवढेंच घ्यावें.

१ जुलै १८५९ रोजीं अॅमहर्स्ट व विल्यम्स या महाविद्यालयांचा सामना याच गांवीं झाला. महाविद्यालयांमधील असा हा पहिलाच सामना होय. अॅमहर्स्टनें तो ७३ विरुद्ध ३२ असा जिंकला.

धंदेवाईक दुय्यम संघाची कथा निराळी. अशा संघाचे खेळाडू मोठ्या शहराच्या संघाचे, वेतनहि त्याचेंच. गांवाचें काय तें मैदान व प्रेक्षक. म्हणून संघाचें नांव धन्याप्रमाणें पालटे. १९६५ सालीं बोस्टनचे ‘रेड सॉक्स’, १९७० पासून वॉशिंग्टनचे ‘सेनेटर्स’, मग टेक्ससचे ‘रेंजर्स’, १९८५ पासून शिकागोचे ‘कब्ज’, १९८९ पासून न्यूयॉर्कचे ‘मेट्स’, आणि २००१ सालीं ह्यूस्टनचे ‘अॅस्ट्रोज’. यांपैकीं पहिल्या वर्षीं संघानें ईस्टर्न लीगचें अजिंक्यपद मिळविलें व जॉर्ज स्कॉट फलंदाजीच्या तिन्ही मुख्य गणनांत पहिला आला. हें वैभव गांवाचें कीं बोस्टनचें? आमच्या मतें दोघांचें; पण स्कॉट पुढच्याच वर्षीं बोस्टनला गेला.

वाहकोना पार्क या मैदानाची रचना मात्र केवळ गांवाचीच. फलंदाजाचें तोंड पश्चिमेस असल्यानें मावळता सूर्य त्याच्या डोळ्यांवर येतो, व सूर्य खालीं जाईपर्यंत खेळ थांबवावा लागे. नव्या मैदानाची योजना २००१ सालीं मतदारांनीं फेटाळली. २००२ सालीं संघ न्यूयॉर्क संस्थानांतील ट्रॉय येथें गेला आणि तेथें त्यानें नवें नांव घेतलें. वाहकोनाची प्रेक्षकांची लांकडी बैठक २०२२ सालीं धोक्याची ठरवून बंद करण्यांत आली.