प्लॅस्टिकमधील सूक्ष्म छिद्रण

सीएनसी यंत्रावर ॲक्रिलिक, नायलॉन, डेल्रिन, पॉलिकार्बोनेट इत्यादींत साधारणपणे ३ मिमी.हून लहान, कडा न तुटलेली आणि आतून गुळगुळीत भोके पाडण्याची क्रिया. पुणे परिसरात हे काम मुख्यतः महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या (स्थापना १९६२) भोसरी-चिंचवड पट्ट्यात आणि हडपसर, पर्वती येथील औद्योगिक वसाहतींत जॉबवर्क म्हणून चालते. येथील कारखान्यांचा पिंड वाहन उद्योगाने, म्हणजे धातूने घडवलेला. प्लॅस्टिकचा जॉब आला तरी सेटरचा हात धातूच्याच सवयीने चालतो आणि भोक बिघडते ते बहुधा तेथेच.

खरी अडचण उष्णतेची आहे. ॲक्रिलिकची उष्णतावाहकता ॲल्युमिनियमच्या सुमारे एक हजारांश असल्याने घर्षणाची उष्णता ड्रिलच्या टोकापाशीच साचते. ॲक्रिलिक १०५° से.च्या आसपास मऊ पडते. मग चिप वितळून ड्रिलच्या खाचांत चिकटते आणि भोकाची भिंत पांढुरकी, खरबरीत होते. अशा वेळी आरपीएम (मिनिटाच्या फेऱ्या) व फीड (ड्रिल पुढे सरकण्याचा वेग) दोन्ही उतरवण्याचा मोह घातक ठरतो. फीड फार कमी झाला की ड्रिल कापण्याऐवजी घासू लागते. १ मिमी.चे ड्रिल मिनिटाला १०,००० फेऱ्यांना चालवले तरी कर्तनवेग मिनिटाला जेमतेम ३१ मीटर असतो. फेरीमागे ०.०३ मिमी. धरल्यास फीड मिनिटाला ३०० मिमी. येतो.

खोल भोकासाठी जी ८३ हे चक्र वापरतात. त्यात ड्रिल थोडे थोडे उतरून दर वेळी पूर्ण बाहेर येते व चिप सोबत आणते. जी ७३ मध्ये ते जेमतेम मागे सरकते, म्हणून वेळ वाचतो. पण चिप आतच राहते. तळाशी ड्रिल थांबवून ठेवणे दोन्हींत वर्ज्य.

लोखंडासाठी घासलेले ११८° टोकाचे ड्रिल ॲक्रिलिकमधून बाहेर पडताना ओढले जाते आणि कडेचा कपचा उडवते. उपाय म्हणजे ६० ते ९०° टोक, कापणाऱ्या धारेचा रेक (कलाचा कोन) शून्य आणि खाली घट्ट आवळलेली टाकाऊ शीट. ॲक्रिलिकवरचा संरक्षक कागद काम संपेपर्यंत काढू नये. ओतीव ॲक्रिलिक एक्स्ट्रुडेड शीटपेक्षा स्वच्छ कापले जाते, त्यामुळे किमतीतला फरक सोसावा.

ड्रिल बाहेर आल्यावर प्लॅस्टिक किंचित मिटते, म्हणून भोक ड्रिलपेक्षा लहान भरते. त्याच शीटच्या तुकड्यावर आधी चाचणी घ्यावी. नायलॉनचे तंत्र त्याहून वेगळे आहे. नायलॉन ६ पूर्ण संपृक्त झाल्यास वजनाच्या सुमारे ९ टक्के पाणी शोषते आणि फुगते. पुण्याच्या कोरड्या एप्रिलात बसवलेले माप ऑगस्टच्या दमट हवेत तसेच राहील, ही अपेक्षा व्यर्थ.

थंड ठेवण्यासाठी कोरड्या हवेचा झोत उत्तम. काही कटिंग ऑइल व थिनरसारख्या द्रावकांनी पॉलिकार्बोनेट आणि ॲक्रिलिकमध्ये बारीक तडे जातात आणि ते कधी काही दिवसांनी, जॉब ग्राहकाकडे पोहोचल्यावर दिसतात. ॲक्रिलिकचा भाग पुढे द्रावकाने चिकटवायचा असल्यास तो आधी सुमारे ८०° से.ला काही तास तापवून सावकाश निववतात, म्हणजे भोकाभोवतीचा ताण उतरतो.