कंठपिंड आणि एक शस्त्रवैद्य

आल्प्स पर्वताच्या दऱ्याखोऱ्यांतून राहणाऱ्या लोकांच्या गळ्याला येणारी मोठाली गांठ पाहून जुने प्रवासी चकित होत. आमच्या सुश्रुतानेंही गलगंडाचें वर्णन करून ठेविलें आहे. परंतु ज्या पिंडाची ही वाढ, तो शरीरांत करतो तरी काय, हें एकोणिसावें शतक बरेंच सरेपर्यंत कोणासच नीट ठाऊक नव्हतें. यकृतांतून पित्त वाहतें, त्याला वाट असते. लाळेच्या पिंडांनाही ती असते. कंठांतील या पिंडाला मात्र कोठेंच नळी नाहीं. तेव्हां त्यावांचून माणसाचें कांहीं अडत नसावें, असा तर्क विद्वानांनींही केला, यांत नवल नाहीं.

थिओडोर कोखेर १८७२ सालीं बर्न येथील विद्यापीठांत शस्त्रवैद्यकाचे अध्यापक झाले. गलगंड कापून काढणें म्हणजे त्या काळीं जिवावरचा खेळ असे. रक्त अनावर वाहे आणि पुष्कळ रोगी दगावत. कोखेर यांनीं एकेक रक्तवाहिनी बांधीत सावकाश व अत्यंत स्वच्छतेनें काम करण्याची पद्धति बसविली आणि रोगी वांचूं लागले. सबंध पिंडच काढून टाकला म्हणजे गांठ पुनः वाढण्याचें भय उरत नाहीं, हा हिशेब त्यांना सरळ वाटला. आपणांस तरी त्या वेळीं दुसरें काय वाटलें असतें?

१८८२ च्या सप्टेंबरांत जिनीव्हा येथें रेव्हर्दां नामक शस्त्रवैद्यानें त्यांच्यापाशीं एक शंका काढली. सबंध पिंड काढलेल्या आपल्या कांहीं रोग्यांना पुढें विलक्षण अशक्तता व मंदपणा आला, असें तो म्हणाला. कोखेर यांनीं १८७४ सालीं एका अकरा वर्षांच्या मुलीवर अशीच शस्त्रक्रिया केली होती. पूर्वी ही मुलगी आणि तिची धाकटी बहीण यांच्यांत लोकांची गल्लत होई. आतां धाकटी सुरेख तरुणी झाली होती. थोरली मात्र तेवढीच ठेंगणी राहून बुद्धीनेंही खुंटली होती.

कोखेर यांनीं आपले जुने रोगी बोलावून घेतले. सबंध पिंड काढलेल्यांपैकीं १८ जण तपासले, त्यांपैकीं १६ जणांत तींच लक्षणें आढळलीं: चेहरा सुजट, त्वचा कोरडी, वाणी जड, थंडी सोसवत नाहीं, विचार मंद. ज्यांच्या पिंडाचा भाग शिल्लक ठेविला होता ते मात्र सुखरूप होते. १८८३ च्या एप्रिलांत जर्मन शस्त्रवैद्यांच्या सभेंत कोखेर यांनीं हें सर्व स्वमुखानें सांगितलें आणि पुढें साध्या गलगंडासाठीं सबंध पिंड काढणें वर्ज्य केलें. कारणमीमांसेंत मात्र ते चुकले. श्वासनलिकेला इजा होऊन प्राणवायु कमी पडतो, असें त्यांना वाटलें. परंतु आपल्याच कीर्तीचा पाया स्वतः उकरून पाहणारे किती निघतात!

येथें एक चमत्कारिक गोष्ट सांगण्याजोगी आहे. व्हिएन्नाच्या बिलरोथ यांच्या रोग्यांना हा मंदपणा क्वचित् येई, पण हातापायांना आंकडी येई. अमेरिकन शस्त्रवैद्य हाल्स्टेड यांनीं याचा उलगडा केला तो असा: कोखेर यांचा हात इतका नेटका, कीं ते कंठपिंडाचा कणही मागें ठेवीत नसत, पण त्यामागील चिमुकल्या उपपिंडांना धक्का लागूं देत नसत, बिलरोथ यांचा झपाटा अगदीं उलट. हे उपपिंड रक्तांतील चुन्याचें प्रमाण राखतात. अशा रीतीनें दोन शस्त्रवैद्यांच्या स्वभावांतून दोन पिंडांचीं कार्यें उजेडांत आलीं.

पुढील इतिहास लवकर सांगतां येतो. नळी नसलेला हा पिंड आपला स्राव थेट रक्तांत सोडतो आणि देहाची ऊब, नाडीची गति, मुलांची वाढ हीं सर्व त्यावर अवलंबून असतात. मेंदूच्या तळाशीं असलेला दुसरा पिंड त्याला हुकूम सोडतो आणि रक्तांत स्राव पुरेसा झाला, कीं तो हुकूम सैल होतो. १८९५ सालीं बाउमान यांना या पिंडांत आयोडीन आढळलें. १९०५ सालीं स्टार्लिंग यांनीं अशा रासायनिक दूतांना ‘हॉर्मोन’ हें नांव दिलें. कोखेर यांस १९०९ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

त्यापूर्वींच, १८९१ सालीं, न्यूकॅसलचे तरुण डॉक्टर मरे यांनीं हाच मंदपणा आलेल्या एका ४६ वर्षांच्या बाईला मेंढीच्या कंठपिंडाचा अर्क टोचून पाहिला. तिची सूज उतरली, बोलणें सुधारलें, ती पुनः घरकाम करूं लागली. अर्क आयुष्यभर घ्यावा लागला. मात्र पुढें तो तोंडानेंच देत. १९१९ सालीं, चौऱ्याहत्तराव्या वर्षीं, ती वारली. तोंवर तिच्यासाठीं ८७० हून अधिक मेंढ्यांचे पिंड खर्ची पडले होते.