दुसऱ्याच्या घरात : विजया मेहता, रंगमंच ते पडदा



मागच्या व्याख्यानानंतर खुर्च्या आवरल्या जात होत्या, तेव्हा एक मुलगी आमच्यापाशी येऊन थांबली. कॉलेजात शिकते. वडील इथंच अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. मूळ गाव बिहारमधलं, पण तिचा जन्म इथलाच. स्पर्धेच्या नाटकात तिला जुन्या वाड्यातल्या आत्याची भूमिका करायची होती. तालमीत कुणीतरी म्हणालं, 'तुझ्या जिभेवर हे घर बसायचं नाही', आणि भूमिका दुसरीला गेली. तिनं आम्हांला विचारलं, 'सर, दुसऱ्याच्या घरातली बाई करायची तर त्या घरात जन्मावंच लागतं का?'

आम्ही तेव्हा काहीतरी गुळमुळीत बोललो. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं की ही सवय लागते. प्रश्नाचे दोन अर्थ आहेत असं म्हणायचं आणि निसटायचं. घरी गेल्यावर मात्र तो प्रश्न काही सुटेना. म्हणून आज आम्ही ठरवलेला विषय बाजूला ठेवला आहे आणि विजया मेहतांविषयी बोलणार आहोत. नाटकातली नटी, मग दिग्दर्शिका, मग चित्रपटकार. हा प्रश्न घेऊन इतकी वर्षं काम केलेली दुसरी मराठी व्यक्ती आम्हांला तरी माहीत नाही.

पण सुरुवात नाशिकपासूनच करू. अंबडहून पांडवलेणी किती जवळ, आणि लेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक. आपण तिथं मुलांना खेळायला नेतो. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली मुंबईत पडद्यावर आला तेव्हा तारामती होती अण्णा साळुंके, म्हणजे पुरुष. बाई मिळालीच नव्हती. त्यानंतर फाळके नाशिकला आले, आणि इथं काढलेल्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या, तर त्यांची लहानगी मुलगी कमला मोहिनी झाली. ही कमला म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, आणि विक्रम गोखले हे त्यांचे नातू. हे नाव लक्षात ठेवा, त्याच्याकडे आपण परत येणार आहोत.

बोलपट आला तेव्हा मात्र तारामती बाईच झाली. प्रभातचा 'अयोध्येचा राजा', १९३२. तारामती होत्या दुर्गा खोटे. माहेरच्या लाड. घराणं मूळ गोव्याकडचं, वडील मुंबईत सॉलिसिटर, शिक्षण कॅथेड्रल शाळेत आणि सेंट झेवियर्समध्ये. सासरची आर्थिक घडी विस्कटली, पदरी दोन मुलगे, म्हणून त्या सिनेमात आल्या. तो चित्रपट मराठी आणि हिंदी असा दोन्ही भाषांत निघाला, आणि दुर्गाबाई आयुष्यभर तशाच दोन-तीन भाषांत वावरल्या. कोल्हापूर झालं, मग कलकत्ता. देवकी बोस यांच्या 'सीता'मध्ये त्या सीता आणि पृथ्वीराज कपूर राम. हा चित्रपट १९३४ साली व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. एका कंपनीची पगारी नटी होऊन राहणं त्यांनी नाकारलं. १९३० च्या दशकाच्या अखेरीस 'साथी' या चित्रपटाची निर्मिती त्यांनी केली. त्याच्या दिग्दर्शनाचं श्रेय काही सूची त्यांनाच देतात, काही दुसऱ्याला. आम्हांला त्या वादात फारसा रस नाही. पैसा कुठून आणायचा, माणसं कोण घ्यायची, गोष्ट कुठली सांगायची हे ज्या बाईनं ठरवलं, तिला चित्रपटकार म्हणायला आमची हरकत नाही. पुढं त्यांनी स्वतःची संस्था काढून माहितीपट आणि जाहिरातपट केले. दूरदर्शनवरची 'वागळे की दुनिया' त्याच संस्थेची. १९८३ साली त्यांना फाळके पुरस्कार मिळाला. 'बॉबी'तली गोव्याची ख्रिस्ती आजी आठवते ना? ती करताना त्यांना आपल्या मूळ प्रांतातल्या शेजारणीच आठवल्या असतील, असं आपलं आमचं मन म्हणतं. पुरावा नाही.

विजयाबाई या दुर्गाबाईंच्या सूनबाई. दुर्गाबाईंचे चिरंजीव हरिन खोटे यांच्याशी त्यांचं लग्न झालं होतं. हरिन अकाली गेले. पुढं विजयाबाईंनी फारुख मेहता या पारशी गृहस्थांशी लग्न केलं. म्हणजे जन्म १९३४ सालचा बडोद्याचा, माहेरचं आडनाव जयवंत, पहिलं सासर खोटे, दुसरं मेहता. बहुसांस्कृतिक हा शब्द आजकाल फार वापरला जातो, आणि बहुधा रक्ताच्या हिशेबानं: आई अमुक, वडील तमुक. विजयाबाईंच्या बाबतीत तो हिशेब उपयोगी नाही. त्यांचं बहुसांस्कृतिकपण शिकून आलेलं आहे, आणि ते त्यांनी कुणाकुणाकडून घेतलं ते सांगता येतं.

पहिले गुरू इब्राहिम अल्काझी. पुण्यात जन्मलेला अरब मुलगा, वडील सौदी, आई कुवेती, आणि काम मुंबईच्या इंग्रजी रंगभूमीवर. दुसरे आदी मर्झबान, पारशी-गुजराती नाटकाचे बादशहा. एकाकडं शिस्त आणि युरोपीय नाटकाचा अभ्यास, दुसऱ्याकडं प्रेक्षकाला खिशात घालण्याची हातोटी. ही शिदोरी घेऊन ती मुलगी मराठीत आली, आणि १९६० च्या सुमारास विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू यांच्यासह 'रंगायन' उभी राहिली. तिथं इओनेस्कोचं 'खुर्च्या' झालं आणि खानोलकरांचं 'एक शून्य बाजीराव'ही झालं. नंतर ब्रेख्तचं नाटक 'अजब न्याय वर्तुळाचा' या नावानं मराठीत आलं. पूर्व जर्मनीतले दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ त्यात बरोबर होते. मग उलटा प्रवास: विजयाबाईंनी जर्मनीत जाऊन जर्मन नटांकडून 'शाकुंतल' आणि 'हयवदन' करून घेतलं. कल्पना करा, जर्मन पोरीला शकुंतला समजावून सांगायची! तिला कण्वाचा आश्रम ठाऊक नाही, पण घर सोडून निघताना पाय जड होतात हे तिलाही ठाऊक आहे. नटाला पकडायला एवढा धागा पुरतो, बाकीचं तालमीत विणायचं. विजयाबाईंच्या तालमी लांबत, तपशिलात शिरत. नाना पाटेकर, नीना कुलकर्णी, भारती आचरेकर ही मंडळी त्याच तालमींतून घडली.

आता 'बॅरिस्टर'. जयवंत दळवींचं नाटक. आम्ही ते पुण्यात पाहिलं, विद्यार्थिदशा नुकती संपली होती. जुना वाडा. विलायतेहून शिकून आलेला, सुधारकी बोलणारा बॅरिस्टर, म्हणजे विक्रम गोखले. केशवपन झालेली विधवा मावशी, विजयाबाई. वाड्यात भाडेकरू म्हणून आलेली तरुण राधाक्का, तिच्यावरही वैधव्य येतं, आणि आता तिचेही केस जाणार. बॅरिस्टर बोलतो फार, पण ज्या क्षणी पाऊल उचलायचं त्या क्षणी त्याचे पाय जमिनीला चिकटतात. नाशिकला ज्या पोरीनं १९१३ मध्ये कॅमेऱ्यासमोर उभं राहण्याचं धाडस केलं, तिच्या नातवाच्या वाट्याला हा धाडस न होणारा माणूस यावा, ही गंमत आम्हांला फार उशिरा लक्षात आली.

याच नाटकावरून विजयाबाईंनी हिंदीत 'रावसाहेब' हा चित्रपट केला. अनुपम खेर रावसाहेब, तन्वी आझमी राधिका, आणि मावशी पुन्हा स्वतः. त्या भूमिकेसाठी त्यांना सहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे दिग्दर्शिका झाल्यावरही त्यांनी आतली खोली सोडली नाही. वाड्याचा नकाशा मांडला आणि त्यातल्या सगळ्यांत अंधाऱ्या कोपऱ्यात स्वतः जाऊन बसल्या. रंगमंचावर मावशी आपल्यापासून वीस-तीस फुटांवर असते. पडद्यावर ती हातभर अंतरावर येते, आवाज चढवावा लागत नाही. तीच नटी, तीच भूमिका, आणि तरी सगळं मोजमाप नव्यानं शिकायचं!

पण आमची एक तक्रार आहे, ती सांगतोच. हिंदीत गेल्यावर वाड्याची जीभ गेली. 'सोवळी' या शब्दाला हिंदीत काय म्हणाल? 'आलवण'? हे नुसते शब्द नाहीत; त्या बाईला कुठं बसता येतं, कशाला शिवता येतं, सकाळी कुणाच्या नजरेला पडायचं नाही, हे सगळं त्या दोन शब्दांत आहे. हिंदीत 'विधवा' म्हटलं की माहिती पोचते, घर पोचत नाही. पुढं महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' छोट्या पडद्यासाठी 'हवेली बुलंद थी' होऊन हिंदीत गेलं, तेव्हा वऱ्हाडी बोलीचंही तेच झालं असं आमचं मत. आता याला दुसरी बाजू आहे. मराठीतच राहिलं असतं तर पाटण्याच्या घरात मावशी कधी पोचलीच नसती. आणि चेहऱ्याला भाषांतर लागत नाही, हे विजयाबाईंना बहुतेकांपेक्षा जास्त कळत होतं. तरीही तक्रार राहतेच.

ही तक्रार 'पेस्तनजी'बद्दल करता येत नाही, आणि त्याचं कारण शोधण्यासारखं आहे. कथा बी. के. करंजिया यांची, म्हणजे पारशी घराच्या आतली. दिग्दर्शिका त्या घरात लग्नानं आलेली, म्हणजे अर्धी आत, अर्धी बाहेर. आणि नट? नसीरुद्दीन शाह, शबाना आझमी, अनुपम खेर, किरण खेर. चौघांतला एकही पारशी नाही! पण इथं जिभेवर मेहनत घेतलेली दिसते. हिंदीच, पण पारशी गुजरातीच्या हेलात भिजलेली, मधूनच इंग्रजी. घराचा वास येतो तो त्या हेलातून. दोन जिवलग मित्र, फिरोजशा आणि पेस्तनजी. ज्या जेरूचं स्थळ फिरोजशा मनात घोळवत बसतो, तिच्याशी पेस्तनजीचं लग्न होऊन जातं. पुढं फिरोजशा लांबच्या गावी राहतो आणि मित्राच्या सुखी संसाराचं चित्र मनात रंगवत राहतो. प्रत्यक्षात तो संसार आतून मोडलेला असतो. म्हणजे हा चित्रपट आहे कशाबद्दल? दुसऱ्याच्या घराबाहेर उभं राहून आत काय चाललं असेल याची स्वतःला हवी तशी कल्पना करणाऱ्या माणसाबद्दल. ज्या दिग्दर्शिकेला स्वतःला दुसऱ्यांच्या घराची गोष्ट सांगायची होती, तिनं नेमका हा धोका दाखवणारी कथा निवडली. या चित्रपटाला हिंदीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आमच्या मते तो रावसाहेबापेक्षा सरस आहे, पण आमच्या घरातच हे मान्य नाही.

'हमीदाबाईची कोठी'बद्दल वेळेअभावी एवढंच, की अनिल बर्वे यांचं हे नाटकही विजयाबाईंनी आधी मंचावर आणि मग हिंदी छोट्या पडद्यावर नेलं. कोठी, वाडा, पारशी फ्लॅट. त्यांच्या हाताखालून गेलेल्या बऱ्याच गोष्टी एका घरापुरत्या आहेत, आणि ते घर बहुधा पडण्याच्या बेतात असतं.

शेवटी पुन्हा नाशिकला येऊ. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला विजयाबाईंनी छोट्या पडद्यासाठी 'स्मृतिचित्रे' केलं. लक्ष्मीबाई टिळक आपल्या जलालपूरच्या. सोवळ्याच्या वेडानं पछाडलेल्या बापाच्या घरात वाढलेली ही मुलगी नारायण वामन टिळकांच्या घरी दिली गेली. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले आणि घर एका दिवसात दुभंगलं. पाच वर्षं लक्ष्मीबाई दूर राहिल्या, रडल्या, भांडल्या, विचार करत राहिल्या, आणि १९०० साली स्वतःही ख्रिस्ती झाल्या. तो बदल त्यांच्या आत कसा घडला हे त्यांनी लिहून ठेवलं नसतं तर आपल्याला कळलंच नसतं. विटाळ मनातून जातो म्हणजे नेमकं काय होतं? आधी पाणी चालतं, मग ताट चालतं, मग माणूस. लक्ष्मीबाईंच्या अखेरच्या वर्षांतलं घरही नाशिकचंच. पडद्यावर लक्ष्मीबाई झाल्या सुहास जोशी, ज्या रंगमंचावर राधाक्का होत्या. एकाच नटीनं एकीकडं त्या उंबऱ्याच्या आत अडकलेली बाई केली, आणि दुसरीकडं तो उंबरा ओलांडून दुसऱ्या घरात गेलेली. सुहासताई ख्रिस्ती घरात जन्मल्या नव्हत्या. तसं पाहिलं तर लक्ष्मीबाईसुद्धा नव्हत्या.

तर ती आत्याची भूमिका. जिभेवर घर बसायला मेहनत लागते, हे तालमीत बोलणाऱ्याचं खरं होतं. पेस्तनजी त्याला साक्ष आहे. पण मेहनतीला वेळ न देता भूमिका काढून घेतली, तिथं तो चुकला. आणि मुली, तुझंही थोडं चुकलं. तू आम्हांला विचारलंस, पण तुझ्या गल्लीत अशी आत्या असेल तर तिच्याकडं गेलीस का? तिच्या स्वयंपाकघरात बसलीस का? ती कोणत्या शब्दावर थांबते, पदर कुठल्या हातानं सावरते, हे पाहिलंस का?

ती मुलगी आज आली आहे का? मागं, खांबापाशी? बरं. मग पहिला प्रश्न तिचाच घेऊ. माईक जरा तिकडं द्या.