केडगावचे संजीवन : १९०५ ची ज्योत पुढे कशी तेवत राहिली?

२९ जून १९०५. पहाटेचे साडेतीन. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील केडगाव गावाजवळ, पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात, एक मुलगी झोपेतून दचकून उठली. आपल्या अंगावर अग्नी उतरला आहे, असे तिला जाणवत होते. शेजारच्या मुलीला तर ती प्रत्यक्ष ज्वाळांनी वेढलेली दिसली. ती धावत गेली, पाण्याची बादली घेऊन आली, आणि पाणी ओतणार इतक्यात तिच्या ध्यानात आले की कुठेच काही पेटलेले नाही.

मिनी एब्रॅम्स या अमेरिकन मिशनरी बाईंनी हा प्रसंग लिहून ठेवला, आणि पुढे तो जगभर गेला. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या इतिहासात या पर्वाला ‘मुक्तीचे संजीवन’ म्हणतात. पाण्याच्या त्या बादलीची गोष्ट अनेकांना ठाऊक असते. त्या मानाने कमी बोलले जाते ते ३० जूननंतरच्या दिवसांविषयी, महिन्यांविषयी आणि वर्षांविषयी. भावनेची लाट येते तशी ओसरते. मग केडगावची लाट ओसरल्यावर तिथे काय उरले? आणि जे उरले, ते कोणी आणि कशाच्या बळावर टिकवले?

त्याआधी थोडी पार्श्वभूमी.

रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू केले ते प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवांसाठी. पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. १८९६–९७ च्या दुष्काळाने मात्र त्यांच्या कार्याची दिशाच बदलली. मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे तीनशे मुली आणि स्त्रिया आणल्या; त्याच सुमारास पुण्यात प्लेग पसरला आणि केडगावची शेतजमीन हेच त्यांचे घर झाले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या. नव्या शतकाच्या आरंभी मुक्तिसदनाची वस्ती दोन हजारांच्या घरात पोहोचली होती. यांतील बहुसंख्य मुली ब्राह्मण नव्हत्या, शिकलेल्या नव्हत्या, आणि अनेकींनी आपली माणसे डोळ्यांदेखत उपासमारीने मरताना पाहिली होती. १९०५ च्या रडण्याचा विचार करताना ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. ज्यांना आजवर मोकळेपणी रडण्यास जागाच मिळाली नव्हती, त्या मुली प्रथमच एकत्र, मोठ्याने आणि कोणाच्याही आडकाठीविना रडत होत्या.

तरीही हे संजीवन अचानक कोसळले, असे मानणे चुकीचे ठरेल. त्याची तयारी दीर्घकाळ चालू होती. ऑस्ट्रेलियातील आत्मिक जागृतीची वार्ता ऐकून रमाबाईंनी आपली कन्या मनोरमाबाई आणि मिनी एब्रॅम्स यांना तिकडे पाठवले होते. १९०४ च्या अखेरीस वेल्समध्ये मोठी जागृती झाली. वेल्श मिशनऱ्यांच्या द्वारे १९०५ च्या मार्चमध्ये ती आसामकडील खासी टेकड्यांत पोहोचली. इकडे केडगावात जानेवारीतच प्रार्थनेसाठी एक मंडळ जमू लागले होते. आरंभी जणी सत्तर होत्या. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेवर गेली, आणि त्या दिवसातून दोनदा एकत्र बसत. जूनच्या उत्तरार्धात रमाबाईंनी आणखी एक आवाहन केले : अभ्यास बाजूला ठेवून आसपासच्या खेड्यांत शुभवर्तमान सांगायला कोण जाईल? तीस मुली पुढे आल्या. त्या रोज प्रार्थनेला जमत. पहाटे दचकून उठलेली मुलगी त्या तिसांतलीच एक होती.

म्हणजे क्रम असा आहे : आधी काम ठरले, काम करणाऱ्या ठरल्या, आणि मग अग्नी आला. पुढचे सारे समजून घ्यायला हा क्रम फार महत्त्वाचा आहे.

३० जूनच्या सायंकाळी रमाबाई नेहमीच्या शांत स्वरात योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावून सांगत होत्या. एकाएकी सर्व मुली मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या. रमाबाईंना बोलणे थांबवावे लागले. पुढे कित्येक दिवस शाळेचे वर्ग भरले ते प्रार्थनासभा म्हणूनच. कोणी पापकबुली देत होत्या, कोणी जमिनीवर कोसळत होत्या, कोणी तासन्‌तास उठत नव्हत्या. या गोंगाटाने पुष्कळ पाहुण्यांना, विशेषतः युरोपीय पाहुण्यांना, धक्का बसला. हा उन्माद आहे, हा मानसिक विकार आहे, असे आक्षेप घेतले गेले.

येथे रमाबाईंची भूमिका पाहण्यासारखी आहे. त्यांचा स्वतःचा पिंड अशा प्रकटीकरणाचा नव्हता. संस्कृत शास्त्रांत वाढलेली, पुराणकथनाने उपजीविका केलेली, कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ ही पदवी दिलेली ही विदुषी एकांतातल्या प्रार्थनेत रमणारी होती. तरीही त्यांनी हा गोंगाट बंद केला नाही. आपल्या ‘मुक्ती प्रेअर बेल’ या पत्रातून त्यांनी टीकाकारांना जे उत्तर दिले, त्याचा आशय थोडक्यात असा : पवित्र आत्म्याला इतर देशांत जे स्वातंत्र्य आहे, ते हिंदी ख्रिस्ती लोकांत का नसावे? इंग्लिश वा अमेरिकन सभ्यतेच्या मापात जे बसत नाही, ते सारे सैतानाकडूनच आले असे का मानावे?

हे उत्तर केवळ धार्मिक नाही. सत्तेच्या भाषेला दिलेले ते उत्तर आहे, आणि त्यामागे बावीस वर्षांची एक जुनी जखम आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतर अँग्लिकन धर्मभगिनींनी, मुख्यतः सिस्टर जेराल्डीन यांनी, त्यांच्या श्रद्धेला वळण लावण्याचा प्रयत्न केला होता. आपली सदसद्विवेकबुद्धी दुसऱ्या कोणाच्या हवाली करण्यास रमाबाईंनी तेव्हाही ठाम नकार दिला. १९०५ मध्ये त्यांनी तोच अधिकार दुष्काळातून आलेल्या निरक्षर मुलींना दिला. तोही आपल्या स्वतःच्या आवडीविरुद्ध. त्यांच्या चरित्रातील हा एक थोर क्षण म्हणावा लागेल, आणि तो पाठ्यपुस्तकांत येत नाही.

पण मुभा देणे म्हणजे मोकाट सोडणे नव्हे. रमाबाईंनी त्या उत्साहाला लगेच कामाला जुंपले. सुवार्तेच्या कामासाठी नाव दिलेल्या मुलींची संख्या शेकड्यांत गेली. त्यांच्या तुकड्या पाडल्या गेल्या. काही तुकड्या बायबल शिकत, काही प्रार्थनेला बसत, आणि रोज सुमारे साठ जणी आळीपाळीने आसपासच्या खेड्यांत जात. जवळच दौंडला आल्बर्ट नॉर्टन यांचे मुलांचे अनाथगृह होते. तेथेही ही जागृती पोहोचली. रमाबाई स्वतः मुलींच्या एका तुकडीसह पुण्यास गेल्या.

बाकीचे रहाटगाडगे थांबले नाही. शेती होती, गाईगुरे होती, विणकाम होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. अंध मुलींसाठी ब्रेल शिकवले जाई. दोन हजार माणसांचा स्वयंपाक तर कोणत्याही संजीवनात चुकत नाही! एखादी मुलगी सकाळी प्रार्थनेत अश्रू ढाळी आणि दुपारी मागावर बसे. केडगावच्या टिकण्याचे रहस्य शोधायचे तर ते त्या पहाटेच्या अग्नीइतकेच या दुपारच्या मागात शोधावे लागते.

मिनी एब्रॅम्स यांनी १९०६ मध्ये या अनुभवावर एक पुस्तिका लिहिली. तिची प्रत त्यांच्या एका जुन्या वर्गभगिनीला, चिलीत राहणाऱ्या मे हूव्हर यांना, मिळाली. मे आणि त्यांचे पती विलिस यांनी ती वाचली. १९०९ मध्ये व्हॅलपरायझो येथे जी जागृती झाली, तीतून चिलीचा पेंटेकॉस्टल पंथ उभा राहिला. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरील सुप्रसिद्ध सभा सुरू झाल्या त्या एप्रिल १९०६ मध्ये, म्हणजे केडगावनंतर. पेंटेकॉस्टल चळवळीचा इतिहास ‘अमेरिकेतून जगाकडे’ असा सरळ रेषेत सांगणाऱ्यांची दौंड तालुक्यातील हे गाव त्यामुळे मोठी अडचण करते.

केडगावात मात्र रमाबाई हळूहळू एका वेगळ्या आणि फारच निःशब्द कामाकडे वळल्या : बायबलचे भाषांतर. उपलब्ध मराठी बायबलविषयी त्यांचे दोन आक्षेप होते. भाषा संस्कृतप्रचुर असल्याने साध्या बाईला ती कळत नाही. आणि हिंदू तत्त्वज्ञानातील शब्द वापरल्याने नको ते अर्थ आत शिरतात. शास्त्रार्थाने विद्वानांना जिंकणाऱ्या पंडितेने संस्कृत गाळून बोली मराठी लिहायला बसावे, यातला त्याग संस्कृत जाणणाऱ्यालाच नीट उमगेल. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात झाली, आणि ते काम तिथल्या स्त्रियांनी केले. दुष्काळात वाचलेल्या, केडगावातच अक्षर ओळखू लागलेल्या मुली आता पवित्र शास्त्राचे खिळे जुळवत होत्या.

हे संजीवन टिकवणे आहे का? बाह्यतः त्यात ना अग्नी, ना अश्रू. तरी ज्या खेड्यांत प्रार्थनेच्या तुकड्या जात, त्या खेड्यांतल्या बायकांना पुढे काय वाचून दाखवायचे, हा प्रश्न १९०५ नेच उभा केला होता. भाषांतर हे त्याचे उत्तर होते.

याच काळात अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये दुसरा एक माणूस त्याच प्रश्नाशी वेगळ्या वाटेने झगडत होता. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. मराठी मंडळीची उपासना परकी वाटते, विलायती चालींवर बेतलेली पद्ये गाऊन मराठी मन उचंबळत नाही, हे त्यांचे दुखणे होते. म्हणून त्यांनी अभंग, ओवी आणि कीर्तन यांचा हात धरला.

या वाटेचा उगम शोधत मागे गेले तर पाऊल मराठवाड्यात पडते. आजच्या हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते, जन्मसाल १२७०. नामदेवांनी मठ स्थापून गादी चालवली नाही. त्यांनी कीर्तन केले, आणि कीर्तनाला शिष्यापेक्षा श्रोता लागतो. त्यांच्या घरातली दासी म्हणवणारी जनाबाईही अभंग रचू लागली. नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. नरसीचा शिंपी पंजाबात पोहोचला तो गाण्याच्या आधारे. टिळकांना ही परंपरा प्रामुख्याने ज्ञानेश्वर-तुकारामांकडून लाभली, आणि तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती.

मजेची गोष्ट अशी की, रमाबाई आणि टिळक येथे जवळजवळ परस्परविरुद्ध दिशांना उभे आहेत. हिंदू परंपरेचे शब्द शास्त्रात नकोत, असा रमाबाईंचा आग्रह. त्या परंपरेचे छंद आणि स्वर उपासनेत हवेतच, असा टिळकांचा. दोघांसमोर एकच मंडळी होती, दोघांचे हेतू एकच होते, आणि दोघेही मिशनरींच्या चौकटीत मावले नाहीत.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला : ख्रिस्ताचे भक्त, मग ते बाप्तिस्मा घेतलेले असोत वा नसोत, ज्यात एकत्र येतील असा बंधुसमाज. कल्पना भव्य होती, वेळ मात्र थोडा होता. ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले आणि त्यांच्यामागे दरबार उभा राहू शकला नाही. एका व्यक्तीच्या तेजावर चाललेल्या चळवळीचे जे होते, तेच झाले.

केडगावावरही तसाच घाला येऊ घातला होता. रमाबाईंनी वारस म्हणून घडवले होते मनोरमाबाईंना. १९१३ मध्ये निजामाच्या राज्यातील गुलबर्गा येथे त्यांनी ‘शांतिसदन’ ही मुलींची शाळा काढली होती. (नरसी-हिंगोली तेव्हा त्याच राज्यात.) २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई गेल्या, वयाच्या अवघ्या चाळिशीत. थकलेल्या, कानांनी अधू झालेल्या रमाबाई भाषांतराची मुद्रिते तपासत राहिल्या. ती पुरी होईपर्यंत आयुष्य मिळावे, अशी प्रार्थना त्यांनी केली आणि ते काम संपताच त्या गेल्या, अशी कथा केडगावात सांगितली जाते. मृत्यूची तारीख ५ एप्रिल १९२२.

संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठी मंडळ्यांनी ते आपलेसे केले नाही. व्यासपीठांवर बायबल सोसायटीचेच भाषांतर चालत राहिले. ज्या बोली मराठीसाठी रमाबाईंनी अखेरची वर्षे वेचली, ती आज अभ्यासकांच्या कपाटात अधिक सापडते. मुक्ती मिशन मात्र केडगावात अजून चालू आहे. निराधार स्त्रिया आणि मुले तिथे आजही राहतात.

आणि टिळकांचा दरबार विरला तरी त्यांची गीते विरली नाहीत. ‘उपासना संगीत’ या मराठी मंडळ्यांच्या गीतपुस्तकात ती शेकड्यांनी आहेत. अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पूर्ण केले ते लक्ष्मीबाईंनी. बालपणी ज्यांना धड लिहायला कोणी शिकवले नव्हते आणि पतीच्या धर्मांतरानंतर ज्या पाच वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या होत्या, त्याच ह्या लक्ष्मीबाई टिळक.